धुळीची किंमत

आमचे भाचेबुवा शहाद्याला असतात. लग्न, वाढदिवस, दुकानाचे उद्घाटन असल्या शुभकार्यांसाठी संगणकावर हलत्या अक्षरांच्या छोट्या चित्रफिती करून देणे हा त्यांचा व्यवसाय. गेल्या कार्तिकात ते नंदुरबारला माझ्याकडे आले आणि चहाचा पहिला घोट घेण्याआधीच म्हणाले, "मामा, मला धूळ विकत घ्यायचीय."

मी खिडकीबाहेर पाहिले. त्या दिवसांत आमच्या गावी मिरचीच्या पथारी लागलेल्या असतात, आणि वाऱ्याबरोबर जे काही घरात येते त्याने माणूस शिंकून हैराण होतो. धुळीला पैसे मोजायचे?

उलगडा झाला तो असा. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथल्या एका व्यापाऱ्याला जाहिरात हवी होती. घोडा टाप मारतो, धूळ उडते आणि त्या धुळीतून घोड्याचे नाव उमटते! अशी धूळ निर्माण करणारे एक 'प्लगइन' मिळते. शिवणयंत्राला काजे करण्याचे जोडसाधन बसवावे, तसे हे मूळ प्रणालीला बसवायचे. मग हजारो कण आपोआप उडतात, वाऱ्याने वळतात, वजनाने खाली बसतात. किंमत अकरा हजार. भाच्याला एका फितीमागे सुटतात सातशे. मी बोटांवर हिशेब केला, म्हणजे सोळा फिती निव्वळ धुळीत!

"मित्राकडे फुकट आहे," तो हळूच म्हणाला. "कुलूप तोडलेली प्रत. आणि मामा, झाडावरचा आंबा तोडला तर झाडाचा एक आंबा कमी होतो. इथे मालकाचं काय कमी होतं?"

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. मीही क्षणभर थबकलो. मग मला आठवले, की वर्षापूर्वी कोणीतरी याचीच फीत उचलून तिच्यावर स्वतःचे नाव घातले होते, तेव्हा हा दोन दिवस जेवला नव्हता. "तुझं तरी काय कमी झालं होतं?" मी विचारले. तो गप्प बसला. पण वाचकहो, माझा आवाज हवा तितका चढला नाही. कॉलेजात असताना मी एक अख्खे पुस्तक झेरॉक्स करून घेतले होते आणि त्या रात्री मला उत्तम झोप लागली होती.

'ब्लेंडर' नावाची एक प्रणाली आहे. 2002 साली तिच्या चाहत्यांनी एक लाख युरो जमवून ती सगळ्यांसाठी खुली करून घेतली. तिचेही नाव निघाले. पण ती शिकायला महिने लागणार आणि यात्रा तर तीन आठवड्यांवर. राहिला हाताने करण्याचा मार्ग. एका सेकंदाला पंचवीस चित्रे, म्हणजे पाच सेकंदांना सव्वाशे, आणि प्रत्येकात कण न् कण सरकवायचा.

इथे माझ्यातला निवृत्त शिक्षक जागा झाला. मी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट काढली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 साली ते लंडनला गेले, तिथून कॅमेरा घेऊन आले आणि वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेत टिपली. 1915 साली तर 'आगकाड्यांची मौज' या फितीत त्यांनी काड्या नाचवल्या. त्या काड्या कुठल्या प्लगइनने हलवल्या होत्या? कष्ट करावेत, हात चालवावा! मला माझेच बोलणे फार आवडत होते.

आक्का, म्हणजे त्याची आई, सोबत आली होती. ती इतका वेळ वाटाणेच सोलत होती. म्हणाली, "भाऊ, रात्री दहाला दिवा मालवून निजणाऱ्या माणसाने जागरणाची थोरवी सांगू नये. तीन वाजेपर्यंत तो बसतो. त्याचे डोळे लाल होतात, आणि चहा करायला मी उठते. या रात्री तुझ्या हिशेबात कुठे आहेत?"

त्या कुठेच नव्हत्या. मी भागाकार रुपयांचा केला होता. आणि मग फाळक्यांच्या गोष्टीतला मी गाळलेला भाग आठवला. सरस्वतीबाईंचे दागिने त्या धंद्यात गेले. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करून रात्री अंधारात फिल्मला भोके पाडायला त्या बसत. कष्टाची कथा आपण नेहमी एकाच्या नावाने सांगतो, आणि ते कष्ट दोघांनी वाटून घेतलेले असतात. फाळक्यांनी यंत्र आधी घेतले होते, हेही मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

तरी एक शंका मनात राहिली. आज धूळ घेतली, उद्या ठिणग्या, परवा पाऊस. साधन घेण्याचा आनंद कामाच्या आनंदाची जागा कधी घेतो, हे घेणाऱ्याला कळत नाही. मी भाच्याला तसे म्हटलेही. तो म्हणाला, "मामा, तुमच्या कपाटातली न वाचलेली पुस्तकं किती?" असो.

निम्मे पैसे मी घातले, निम्मे त्याने. रीतसर पावती आली. यात्रेच्या दिवशी आम्ही तिघे सारंगखेड्याला गेलो. व्यापाऱ्याने उन्हात मोबाईलवर तळहाताची सावली धरून फीत पाहिली. इतक्यात शेजारून एक उमदा घोडा गेला आणि काचेवर खरी धूळ बसली. त्याने ती उपरण्याने पुसली आणि फीत पुन्हा पहिल्यापासून लावली.