सामर्थ्याचें वजन

मनुष्यस्वभावाचे सांचे पाडून प्रत्येकाला त्यांतील एखाद्यांत बसविण्याची हौस फार जुनी आहे. आपल्या शास्त्रकारांनीं सत्त्व, रज, तम हे तीन गुण कल्पिले. वैद्यांनीं वात, पित्त, कफ अशा तीन प्रकृति मानल्या. ग्रीक वैद्यांनीं शरीरांतील चार रसांवरून माणसांची वर्गवारी केली. याच कुळांतील एक अलीकडचें अपत्य म्हणजे ‘एनिअग्राम’. वर्तुळावरील नऊ बिंदु जोडून काढलेली ही आकृति विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत गुर्जिएफ या गूढवाद्यानें आपल्या शिष्यांना शिकविली. पुढें ऑस्कर इचाझो यानें दक्षिण अमेरिकेंत त्या नऊ बिंदूंशीं नऊ स्वभाव जोडून दिले, आणि चिलीचे मानसोपचारतज्ज्ञ क्लॉडिओ नारान्हो यांनीं १९७० नंतर त्यांना मानसशास्त्राची परिभाषा दिली. शास्त्रीय कसोटीला हें वर्गीकरण पुरतेपणीं उतरलेलें नाहीं. तथापि कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतून अधिकाऱ्यांना शिकविण्यासाठीं त्याचा आज बराच उपयोग होतो; आणि माझ्या गांवीं, चाकणला, कारखान्यांस तोटा नाहीं.

या पावसाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी असाच एक कागद घेऊन माझ्या घरीं आला. तो येथील एका कारखान्यांत दीडशें माणसांवर अधिकारी आहे. आल्या आल्या तो हंसून म्हणाला, “सर, मी आठवा निघालों.”

कागदावर दोन रकाने होते. आठव्या प्रकारच्या, म्हणजे आव्हान देणाऱ्या, पुढाऱ्याचे गुण पहिल्यांत दिलेले होते : संकटांत तो चटकन् निर्णय घेतो, जबाबदारी अंगावर घेतो, आपल्या माणसांपुढें ढालीसारखा उभा राहतो, मनांतलें तोंडावर बोलतो आणि अन्याय खपवून घेत नाहीं. त्यानें काय शिकावें तें दुसऱ्या रकान्यांत होतें : दुसऱ्याचें ऐकून घ्यावें, आपलें हळवेपण लपवूं नये, आपल्या आवाजानें समोरचा गप्प होतो हें ध्यानांत ठेवावें. पहिला रकाना त्यानें मला मोठ्यानें वाचून दाखविला. दुसऱ्याची पाळी आली तेव्हां कागदच माझ्या हातीं दिला.

मग गंभीर होऊन त्यानें विचारलें, “पण सर, हा दुसरा रकाना मनावर घेतला तर पहिला शिल्लक राहील का? मीच मऊ झालों तर काम कोण करील?”

प्रश्न खरा होता, आणि नीतिशास्त्राला तो नवा नाहीं. धान्यांतून खडे वेंचावे तसे स्वभावांतून दोष वेंचून टाकतां येतात, अशी आपली एक सोयीची समजूत असते. परंतु जो हात पोराला पुरांतून ओढून काढतो, त्याच हाताचे वळ त्याच्या दंडावर उठतात. पकड ढिली केली तर वळ उठणार नाहींत, हें खरें. पण पोर वांचेल का?

मीं लगेच उत्तर दिलें नाहीं. पाऊस थांबला होता. आम्ही दोघे बोलत बोलत संग्रामदुर्गाकडे गेलों.

चाकणच्या या भुईकोटाच्या तटाबुरुजांचे आज कांहीं अवशेष तेवढे उरले आहेत. १६६० च्या जूनमध्यें औरंगजेबाचा मामा शाइस्तेखान प्रचंड फौज घेऊन त्यावर चालून आला, तेव्हां फिरंगोजी नरसाळा येथें किल्लेदार होते. शिवाजीमहाराज त्या वेळीं स्वतः पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यांत अडकलेले. मदत येण्याचा संभव नव्हता. ना डोंगराचा आधार, ना दरीचा. सपाटीवरचा कोट, भोंवतीं खंदक आणि आंत मूठभर शिबंदी. तरी फिरंगोजी भर पावसाळ्यांत पन्नासांहून अधिक दिवस झुंजले. शेवटीं मोगलांनीं ईशान्येच्या बुरुजाखालीं सुरुंग नेऊन तो १४ ऑगस्टला उडविला. खिंडारांतून आंत शिरूं पाहणाऱ्यांना दिसलें कीं, पडलेल्या बुरुजामागें मराठ्यांनीं मातीचा नवा बांध घालून ठेवला आहे! तो दिवस तसाच गेला. दुसऱ्या दिवशीं मोगल आंत घुसले, आणि फिरंगोजींनीं हाडा राजपूत राव भावसिंग यांच्या मध्यस्थीनें किल्ला खालीं करून दिला. मोगलांचे २६८ लोक ठार आणि ६०० जखमी झाले होते. खानानें खूष होऊन बादशाही नोकरी देऊं केली. ती नाकारून फिरंगोजी महाराजांकडे परत गेले.

“यांत सामर्थ्याचा क्षण कोणता?” मीं विचारलें.

“पन्नास दिवस लढले तो,” माझा विद्यार्थी तत्काळ म्हणाला.

तो तर आहेच. पण माझें मन १५ ऑगस्टच्या त्या दिवसापाशीं अडतें. ज्याला लढणें साधतें त्याला थांबणें फार जड जातें. कारण ‘आपण हटलों तर आपण उरणार नाहीं’ ही भीति पुष्कळदां त्याच्या शौर्याच्याच तळाशीं असते. किल्ला गेला म्हणजे आपणच गेलों, असें फिरंगोजींनीं मानलें असतें, तर उरलेलीं सारीं माणसें त्यांच्या मानापायीं मारलीं गेलीं असतीं. तेच फिरंगोजी खानाच्या नोकरीपुढें मात्र तसूभर हलले नाहींत. कोठें वांकावें आणि कोठें वांकूं नये, याची जाण ज्याला आहे त्याला मऊ कोण म्हणेल?

“पण हरून परत जायला छाती पाहिजे, सर,” तो म्हणाला. “वरचा माणूस काय म्हणेल?”

येथें त्यानें नकळत खऱ्या मर्मावर बोट ठेवलें. परंपरा सांगते कीं, महाराजांनीं फिरंगोजींचा गौरव करून त्यांना पुढें भूपाळगडाची किल्लेदारी दिली. पराभव घेऊन आलेल्या माणसाला दार उघडें होतें.

पण याच्या शेजारीं दुसरी एक गोष्ट ठेवून पाहा. १६७३ सालीं उमराणीजवळ सरनौबत प्रतापराव गुजर यांनीं विजापूरचा सरदार बहलोलखान याला पाणी तोडून कोंडींत पकडलें, आणि तो शरण आल्यावर उदार मनानें सोडून दिलें. खान पुन्हां उलटला. महाराज संतापले, खानाचा निकाल लावल्याशिवाय तोंड दाखवूं नका, अशा अर्थाचा कठोर निरोप त्यांनीं धाडला, असें बखरी सांगतात. २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं नेसरीला खान समोर दिसतांच प्रतापरावांनीं मागच्या फौजेची वाट पाहिली नाहीं. अवघे सहा स्वार घेऊन ते शत्रूच्या सैन्यावर तुटून पडले आणि सातहीजण ठार झाले, अशी परंपरा आहे. पुढें महाराजांनीं प्रतापरावांची कन्या जानकीबाई हिला राजारामांसाठीं आपली सून करून घेतलें.

महाराजांना दोष देण्याची माझी प्राज्ञा नाहीं. सोडून दिलेला शत्रु पुन्हां रयतेवर येतो, तेव्हां सेनापतीला जाब विचारणें हें राजाचें कर्तव्यच होय. शिवाय दोन्ही प्रसंग सारखे नाहींत. फिरंगोजी लढून हरले, प्रतापराव जिंकून चुकले. परंतु एकाच थोर पुरुषाच्या छायेंत एका माणसाला पराभव घेऊन परत येतां आलें आणि दुसऱ्याला चूक घेऊन येतां आलें नाहीं, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. बलवानाला आपल्या शब्दाचें वजन कळत नाहीं, कारण तें दुसऱ्याला उचलावें लागतें. सामान्य माणसाचा कठोर शब्द लागतो आणि विरून जातो. ज्याच्यावर आपली निष्ठा आहे त्याचा तोच शब्द परतीची वाट बंद करतो.

हें मला केवळ इतिहासावरून कळलें असें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं मी विभागप्रमुख असतांना एका तरुण अध्यापकानें उत्तरपत्रिका वेळेवर तपासून दिल्या नाहींत. मी भर बैठकींत त्याला एक वाक्य बोललों. तीन रात्री जागून त्यानें काम पुरें केलें, आणि सत्र संपतांच राजीनामा दिला. शिस्त राहिली याचें मला तेव्हां समाधानच वाटलें असावें. गेल्या वर्षीं एका लग्नांत तो भेटला. बोलतां बोलतां त्यानें माझें तें वाक्य जसेंच्या तसें म्हणून दाखविलें. मला तें आठवतही नव्हतें. त्या आठवड्यांत त्याचे वडील रुग्णालयांत होते, असेंही तेव्हांच समजलें. “मग मला सांगितलें कां नाहीं?” मीं विचारलें. तो शांतपणें म्हणाला, “तुम्हांला सांगण्यासारखें तें कारण आहे असें वाटलें नाहीं, सर.”

हाताखालच्या माणसांचा मी कैवारी आहें, असें मी जन्मभर समजत आलों. त्यांना माझ्यापासूनच जपून राहावें लागत होतें, हें मला त्या एका उत्तरानें कळलें.

म्हणून दुसऱ्या रकान्यामुळें पहिला पुसला जाईल, ही भीति मला खरी वाटत नाहीं. उलट, दुसरा नसेल तर पहिला पोकळ राहतो. ढाल होऊन उभें राहावयाचें, तर मागच्या माणसाला कोठें लागलें आहे हें कळलें पाहिजे. आणि सांगितल्यानें आपण लहान ठरणार नाहीं असा भरंवसा असल्याखेरीज तो तें सांगणार नाहीं. हा भरंवसा देण्याचा एकच मार्ग मला ठाऊक आहे : वरच्यानें आपली चूक आधीं आपल्या तोंडानें कबूल करावी. आव्हान देणाऱ्याला हें आव्हान सर्वांत अवघड जातें, कारण येथें समोर शत्रु नसतो.

परततांना मीं माझ्या विद्यार्थ्याला एवढेंच विचारलें, “गेल्या वर्षभरांत, तुला कळण्यापूर्वीं, आपली चूक आपण होऊन सांगायला तुझ्याकडे किती माणसें आलीं?”

तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, “चुका झाल्या, सर. पण सगळ्या मीच पकडल्या.” वाक्याच्या आरंभीं त्याच्या आवाजांत थोडा अभिमान होता, शेवटीं तो राहिला नव्हता.

त्या रात्रीं मीं माझ्या त्या जुन्या सहकाऱ्याला पत्र लिहिलें. कारणें न देतां क्षमा मागण्याची मला संवय नाहीं. तीन कागद फाडावे लागले. पत्र टाकल्याला आज दोन महिने झाले. उत्तर आलेलें नाहीं, आणि तें यावें असा माझा हक्कही नाहीं.