दोन कान

माणसाला कान दोन का, याचे उत्तर मी शाळेत मुलांना फार सोपे करून सांगत असे : आवाज कोणत्या बाजूने आला ते कळावे म्हणून. तीस वर्षे हे उत्तर मी बिनदिक्कत दिले, आणि ते चुकीचेही नाही. परंतु या प्रश्नाला आणखी एक उत्तर असले पाहिजे, असा संशय मला गेल्या दिवाळीत आला. तो आणून देणारे आमचे चिरंजीव पुण्यात ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहेत. निरनिराळे गळे आणि वाद्ये वेगवेगळी टिपून घ्यायची, मग कुणाला वर, कुणाला खाली करून त्यांचे एक गाणे जुळवायचे, हे त्यांचे काम. त्याला मिक्सिंग म्हणतात.

वसुबारसेच्या संध्याकाळी ते केमच्या स्टेशनावर उतरले तेव्हा त्यांच्या हातात मिठाईच्या पेट्यांसारख्या दोन पेट्या होत्या. सौभाग्यवतीने मोठ्या आशेने त्या उघडल्या. आत निघाले दोन हेडफोन! किंमत ऐकल्यावर तिने ते जे खाली ठेवले, ते पुन्हा हातात घेतले नाहीत.

"दोन कशाला रे? डोके तर एकच आहे," मी विचारले.

"एक ऐकायचा, बाबा. आणि एक कामाचा."

हा भेद मला नवा होता. ऐकणे हेच ज्याचे काम, त्याला ऐकण्याचे यंत्र वेगळे आणि कामाचे वेगळे? चिरंजिवांनी मग माझ्यावरच प्रयोग मांडला. पण आधी त्यांनी एका मापकावर दोन्ही हेडफोनांचा आवाज अगदी सारखा करून घेतला. "नाहीतर जो मोठ्याने वाजेल तोच तुम्हाला चांगला वाटेल," ते म्हणाले. मी काही बोललो नाही. पण ग्रामपंचायतीच्या कितीतरी सभा माझ्या डोळ्यांपुढून सरकून गेल्या.

पहिला हेडफोन कानाला लावला आणि भीमसेन जोशींचा स्वर उमटला. तानपुरा असा भरून आला की ओसरीवर बसून मी एखाद्या मंडपात शिरलो. डग्ग्याची घुमार छातीत उतरत होती. मी डोळे मिटून घेतले. मग दुसरा लावला. हा होता सेन्हायझर कंपनीचा एचडी 600, 1997 साली निघालेला. पाठीमागून जाळीचा, उघडा. गाणे तेच, पण मंडप नाहीसा झाला. घुमार आटोपशीर झाली. गायकाने मध्येच घेतलेला श्वास ऐकू आला, तबलजीच्या बोटाचा कोरडा आघात ऐकू आला. एखाद्या सजवलेल्या घरात आपण मागील दाराने शिरावे तसे मला वाटले.

"पहिलाच बरा," मी निकाल दिला.

"बरा आहेच. पण त्याच्यावर काम केले तर फसतो. तो खर्ज आपल्या पदरचा घालतो. मला वाटणार, गाण्यात भरपूर खर्ज आहे. मी कमी करणार. आणि दुसऱ्याच्या घरी ते गाणे पोरके वाजणार."

म्हणजे खुशमस्कऱ्या नोकर आणि स्पष्टवक्ता नोकर यांच्यातला हा फरक! पण मी तसे म्हणताच चिरंजिवांनी मला तेवढ्यावर सुटू दिले नाही. संपूर्ण खरे सांगणारा हेडफोन जगात नाहीच, असे ते म्हणाले. आपली कानाची पाळी आणि आतली नळी मिळून 3000 हर्ट्झच्या आसपासचे स्वर मुळातच उचलून धरतात, आणि प्रत्येकाचा कान थोडा निराळा. शिवाय आवाज लहान केला की खर्ज बाकीच्या स्वरांपेक्षा जास्त हरवतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघा अमेरिकन संशोधकांनी 1933 सालीच हे मोजून दाखवले. खोलीत दोन्ही कानांना दोन्हीकडचे ऐकू येते. हेडफोनात डावीकडचे फक्त डाव्याला. म्हणून मिक्सिंग करणारा शहाणा माणूस एका यंत्रावर विसंबत नाही. तो तेच गाणे मोठ्या स्पीकरवर ऐकतो, मोटारीत ऐकतो, आणि शेवटी एखाद्या भिकार डबड्यावरही ऐकतो.

केमच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आमचे गाव कुंकवाचे. हळदीला खार भेटला की ती लाल होते, हे इथे पोरालाही ठाऊक असते. तो लाल रंग खोटा म्हणावा काय? नाही, तो हळदीतूनच निघाला. पण ती आता निव्वळ हळदही नव्हे. आपल्या कानात शिरणाऱ्या प्रत्येक स्वराला कुठला ना कुठला खार लागलेलाच असतो. तो कोणता हे ओळखून असावे, एवढेच आपल्या हाती.

या यंत्राचा इतिहासही मोठा बोलका आहे. अमेरिकेतल्या युटाह प्रांतात नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या माणसाने आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार केले आणि 1910 च्या सुमारास ते तिथल्या नौदलाने घेतले. बिनतारी यंत्रातला क्षीण संदेश अचूक टिपण्यासाठी! सुखाने गाणे ऐकण्यासाठी जॉन कॉस याने स्टिरिओ हेडफोन काढला तो 1958 साली. म्हणजे तपासणारा कान आधी जन्मला. रस घेणारा जवळजवळ पन्नास वर्षांनी. माणसाच्या बाबतीत क्रम उलटा असतो. मूल आधी अंगाईत रमते. बेसूर म्हणजे काय हे त्याला पुढे कुणीतरी शिकवते.

हे कुणीतरी कोण, ते मला लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी कळले.

माझ्या वडिलांच्या आवाजाची एकच कॅसेट घरात आहे. 1989 सालच्या एका एकादशीचे भजन. याच ओसरीवर टिपलेले. ती स्वच्छ करून नातेवाइकांना पाठवावी असा बेत होता. मी पहिल्या हेडफोनवर ऐकली. वडिलांचा आवाज ऊबदार, टाळांचा गजर, सगळे गोड. डोळे भरून आले.

मग चिरंजिवांनी कामाचा हेडफोन पुढे केला. वडिलांचा खोकला ऐकू आला. दूरवर गाडीची शिटी ऐकू आली. आणि त्या सगळ्यांच्या मागे एक लहान मुलाचा आवाज ऐकू आला. पट्टी सोडून, पण जीव तोडून म्हणणारा. लगोलग एक दबका, तीक्ष्ण आवाज : "बेसूर! गप्प बस."

तो माझा आवाज होता. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता.

मी कॅसेट पुढे ऐकली. पुढच्या कडव्यात वडील आहेत, टाळ आहेत, गाडी निघून गेली आहे. मुलाचा आवाज नाही. शेवटपर्यंत नाही. आमच्या घरात तो पुन्हा कधी गायलेला मला आठवत नाही. तो दुसऱ्यांचे गाणे सारखे करण्याच्या धंद्यात गेला.

तुम्ही म्हणाल, बेसूर होता तर बेसूर म्हटले, त्यात काय चुकले? हाच प्रश्न मी त्या रात्री स्वतःला विचारला. माझे ऐकणे खोटे नव्हते. पण माझा मुलगाही दिवसभर दोष ऐकतो. ते दुरुस्त करण्यासाठी ऐकतो आणि दुरुस्ती स्वतःच्या हाताने करतो. एका श्वासाचा अडथळा काढण्यासाठी तो तास घालवतो. मी काय दुरुस्त केले? त्या पोराला जवळ बसवून मी सा लावून दिला नाही. मी फक्त निकाल दिला. वह्यांवर लाल शाई चालवणाऱ्या हाताला घरीही तीच सवय लागली होती. त्या दिवशी तिथे काही जुळवायचे नव्हतेच; ते भजन होते. तिथे ऐकण्याचा कान लावून बसायला हवे होते.

तपासणारा कान वाईट नव्हे. तो नसता तर हे सगळे मला समजलेही नसते. गोड हेडफोनाने माझा अपराध माझ्यापासून प्रेमाने लपवून ठेवला होता. पण तो कान माणसाने आधी स्वतःच्या आवाजाकडे वळवावा. दुसऱ्याकडे वळवायचाच, तर शेजारी बसून मदत करण्याची तयारी ठेवून वळवावा.

सकाळी मुलाने विचारले, "बाबा, ते तुमचे बोलणे काढू का? आजोबांच्या ओळीवर येते."

"काढ. पण मूळ कॅसेट तशीच ठेव," मी म्हणालो. "खोकला राहू दे. आणि तो मागचा लहान आवाज आहे ना, तो थोडा वर घे."

तो हसला. "बाबा, तो खरेच बेसूर आहे."

"असू दे," मी म्हणालो.

त्याने कामाचा हेडफोन डोक्यावर चढवला. मी शेजारी बसून राहिलो.