ज्यांचा डाव, त्यांना विचारलं का?

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही अमेरिकी कंपनी छापते आणि विकते. त्याचा ‘कमांडर’ हा प्रकार मात्र खेळाडूंनी स्वतःच घडवला. डेक शंभर पत्त्यांचा, नेहमीच्या वीसऐवजी चाळीस प्राण, बहुधा चौघांचा रमतगमत चालणारा डाव. शेल्डन मेनरी यांनी तो वर्षानुवर्षं जोपासला. २०२३ मध्ये ते गेले. नियम ठरवत होती ती मूठभर खेळाडूंची एक स्वतंत्र समिती.

२३ सप्टेंबर २०२४ ला या समितीने चार पत्त्यांवर बंदी घातली. त्यातला ‘मॅना क्रिप्ट’ फुकटात टाकता येतो आणि पहिल्या फेरीपासूनच दुप्पट-तिप्पट ताकद पुरवतो. ज्याला तो लवकर मिळाला त्याचा डाव बाकी तिघं सावरायच्या आत पुढे निघून जातो, ही समितीची चिंता मला रास्त वाटते. पण बंदी आलेल्या चौघांपैकीच ‘ज्वेल्ड लोटस’ हा पत्ता कमांडरबाहेर जवळजवळ कुठेच उपयोगी नव्हता, आणि लोकांनी तो शंभर डॉलरच्या घरात पैसे मोजून घेतला होता. संताप उसळला. समितीतल्या लोकांना धमक्या आल्या. ३० सप्टेंबरला, म्हणजे अवघ्या आठवड्यात, समितीने सगळा कारभार कंपनीकडे सोपवल्याचं जाहीर झालं.

खेळाडूंना आधी विचारायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. पण विचारायचं कसं? अमुक पत्त्यावर बंदी येणार, अशी कुजबुज सुरू झाली की ज्यांच्या कानावर ती आधी पडते ते आपले पत्ते विकून मोकळे होतात आणि भुर्दंड पडतो तो काल-परवा दुकानात येऊ लागलेल्या पोरावर. समितीला सल्ला देणारं खेळाडूंचं एक मंडळ होतं, तरी नेमकी नावं त्यांच्यापासूनही राखून ठेवली गेली. एवढ्यापुरती गुप्तता मला न्याय्य वाटते.

मात्र नावं झाकताना निकष झाकायचं कारण नव्हतं. कुठल्या प्रकारची पानं खेळ बिघडवतात, महागडं पान असणाऱ्याला किती आघाडी मिळाली तर ती जास्त म्हणायची, नवख्याचा मान कसा राखायचा, हे प्रश्न वर्षभर आधी उघडपणे सगळ्यांसमोर ठेवता आले असते. त्याने कुठलाच बाजार हलला नसता. लोकांनी हरकती घेतल्या असत्या, आपापल्या टेबलावरचे अनुभव सांगितले असते. मग बंदी आल्यावर राग आला असता तरी ती आभाळातून कोसळल्यासारखी वाटली नसती.

आणि विचारायचं तरी कोणाला? सर्वांत मोठ्याने बोलतो तो बहुधा सर्वांत जास्त पैसे गुंतवलेला असतो. आपला साधा डेक घेऊन आठवड्यातून एकदा मित्रांकडे जाणारी मुलगी मत मांडायला येत नाही. तिच्यापर्यंत जाऊन विचारणं हे समितीचं काम होतं, तिचं नव्हे.

कमांडरमध्ये ‘शून्य नियम’ नावाची एक सुरेख प्रथा आहे. डाव सुरू होण्यापूर्वी चौघांनी बोलून घ्यायचं. सगळ्यांना मान्य असेल तर बंदी घातलेलं पानसुद्धा चालतं. आपल्याकडे मेंढीकोट खेळायला अनोळखी माणसं बसली की ‘हुकूम बंद की कट?’ हे आधी विचारतात, तसंच हे. घरच्या टेबलावर त्यामुळे वरच्या निर्णयाचा धाक उरत नाही. दुकानात अपरिचितांसमोर बसल्यावर मात्र हे बोलणं अवघडतं आणि तिथे छापील यादीच प्रमाण ठरते. म्हणून ती यादी कशी तयार होते, याला इतकं महत्त्व.

कंपनीने पुढे खेळाडूंचं नवं मंडळ नेमलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये डेकच्या ताकदीनुसार पाच पातळ्यांची योजना प्रायोगिक म्हणून मांडून त्यावर मतं मागवली. ही पद्धत निश्चितच चांगली. पण आता विचारणारा आणि पत्ते विकणारा एकच आहे. पदरचा वेळ घालणाऱ्या माणसांना धमकावून खेळाडूंनी आपल्या हातची गोष्ट घालवली, याचं मला फार वाईट वाटतं.