दोष न सांगणें आणि दोष झांकणें

जुनी वस्तु विकणाऱ्यानें तिचे सर्व दोष घेणाऱ्यास सांगितलेच पाहिजेत काय, हा प्रश्न फार जुना आहे. आणि आपण घेणारे असतांना त्याचें उत्तर जितकें सोपें वाटतें, तितकें विकणारे झाल्यावर वाटत नाहीं. गेल्या पावसाळ्यापूर्वीं मला या प्रश्नाचा विचार एका जुन्या जीपगाडीपाशीं बसून करावा लागला. त्या गाडीच्या इंजिनाचें पाणी गळत होतें. गोष्ट क्षुल्लक आहे हें मी जाणतों. तथापि ती जशी घडली तशी वाचकांपुढें मांडतों.

नवी मुंबईंत कोपरखैरण्याला लागून बोनकोडे नांवाचें गांव आहे. गांव असें म्हणावयाचें खरें. परंतु 1970 सालीं सिडकोची स्थापना झाली, या भागांतील गांवांच्या जमिनी नव्या शहरासाठीं घेण्यांत आल्या, आणि भाताच्या खाचरांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या. आतां जुन्या गांवठाणाच्या गल्लींतून जीप काढावयाची म्हणजे दोन्ही बाजूंचे आरसे मिटून घ्यावे लागतात. महिंद्र कंपनीनें 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईंत विलीज जीप जुळविण्यास आरंभ केला. माझी गाडी त्याच घराण्यांतली, पण पुष्कळ पुढच्या पिढीची, डिझेलवर चालणारी व चारही चाकांना जोर देणारी. मी तिचा तिसरा मालक.

ती घेण्यास आलेले गृहस्थ जव्हारकडील एका पाड्यावरील शेतकरी होते. शेतमाल आणणें हा त्यांचा मुख्य उद्देश. पण बोलतां बोलतां ते म्हणाले कीं, पावसाळ्यांत आमच्या पाड्यापर्यंत दुसरें वाहन चढत नाहीं. रात्रीं अपरात्रीं एखादी बाळंतीण किंवा सर्पदंश झालेला माणूस जव्हारच्या रुग्णालयांत न्यावा लागतो, तेव्हां अशी गाडी दारांत असलेली बरी. किंमत दोन लाख दहा हजार ठरली. आठ दिवसांनीं पैसे घेऊन येतों असें सांगून ते गेले. गळतीविषयीं त्यांनीं विचारलें नाहीं, व मींही सांगितलें नाहीं.

दोन वर्षांपासून रोज सकाळीं रेडिएटरमध्यें एक तांब्या पाणी ओतण्याची मला संवय झाली होती. रेडिएटर दोनदां उतरवून झाळून आणला, तरी गळती थांबली नव्हती. व्यवहार जुळवून देणाऱ्या दलालास मीं ही गोष्ट सांगितली, तेव्हां तो हंसला व म्हणाला, “इंजिन स्वच्छ धुऊन घ्या, रेडिएटरमध्यें दोन चमचे हळद टाका, आणि दहा मिनिटें गाडी चालूं ठेवा. पंधरा दिवस थेंब पडणार नाहीं. पुढें ज्याचें त्याचें नशीब.”

हळदीचा हा उपाय आपल्याकडील प्रत्येक ड्रायव्हरास ठाऊक आहे. हळदीची पूड पाण्याबरोबर फिरते, बारीक छिद्राच्या तोंडाशीं अडकून बसते, आणि पाणी कांहीं काळ थांबतें. घाटांत गाडी बंद पडली, जवळ वस्ती नाहीं, गाडींत मुलेंबाळें आहेत, अशा वेळीं ज्यानें ही युक्ति केली त्यास कोणी दोष देणार नाहीं; तो तर शहाणाच म्हणावयाचा. मग जें कृत्य कसाऱ्याच्या घाटांत शहाणपणाचें तेंच बोनकोड्यास माझ्या दारांत दोषास्पद कां व्हावें? हळद तीच, छिद्र तेंच. मीं मनाशीं असा वाद पुष्कळ घातला, आणि खरें सांगावयाचें तर हळद आणण्यासाठीं स्वयंपाकघरापर्यंत जाऊनही आलों.

गल्लीच्या तोंडाशीं ज्याचें गॅरेज आहे तो मिस्त्री मात्र म्हणाला, “काका, हळद टाकून देतों, पण पाणी जातें कोठें तें आधीं बघूं तरी.” दोन वर्षांत हा प्रश्न मीं स्वतः केला नव्हता. पाणी कमी झालें कीं ओतावयाचें, इतकेंच मी करीत होतों.

गाडी रात्रभर थंड होऊं दिली. हें आवश्यक आहे. चालत्या इंजिनांतील पाण्यावर झांकणाचा दाब असतो. तो वातावरणाच्या दाबाहून 0.9 बारनें अधिक असला तर पाणी 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाहीं. असें झांकण गरम असतांना उघडलें कीं दाब एकदम उतरतो, पाणी क्षणांत उकळून उसळतें, व तोंड आणि हात भाजून निघतात. शिवाय इंजिन गरम असतांना बारीक थेंब जागच्या जागीं वाळून जातो. मागें राहतो तो केवळ पांढुरका किंवा गंजाचा ओघळ. मिस्त्रीनें सकाळीं झांकण काढून त्या जागीं कांटा असलेला एक हातपंप बसविला, झांकणावर छापलेल्या आंकड्याइतका दाब भरला, आणि आम्ही दोघे कांट्याकडे पाहत बसलों. कांटा हळूहळू खालीं येऊं लागला. मग त्यानें बॅटरीच्या उजेडांत प्रत्येक नळी, प्रत्येक पट्टी, रेडिएटरच्या कडा फडक्यानें पुसून पाहिल्या. सर्व कोरडें. ओल होती ती पाण्याच्या पंपावर, पंख्याच्या मागें, आसाच्या तोंडाशीं.

तेव्हां दोन वर्षांचा घोटाळा उलगडला. इंजिन चालूं असतांना पंपाच्या आसाशीं येणारें पाणी पंखा रेडिएटरच्या पाठीवर उडवीत होता; तेथून तें खालीं टपके; आणि आम्ही थेंब जेथें पडला तेथें दोष आहे असें समजून निरपराध रेडिएटरास दोनदां झाळून आणलें होतें. परंतु पाणी आसाच्या तोंडाशीं आलें तरी कसें? मिस्त्रीनें पंपाच्या बुडाशीं साचलेला तेलकट मळ दाभणानें खरवडला. आंत एक छिद्र होतें, आणि तें कोणीं तरी एमसीलनें घट्ट बुजविलेलें होतें.

हें छिद्र दोषामुळें पडलेलें नसतें. कारखान्यांतच मुद्दाम ठेवलेलें असतें. पंपाच्या आसावर एका बाजूस पाणी अडविणारें सील, दुसऱ्या बाजूस बेअरिंग, आणि दोहोंच्या मध्यें हें छिद्र. सील झिजलें कीं पाणी या छिद्रावाटे बाहेर टपकतें. त्यामुळें तें बेअरिंगांत शिरत नाहीं, व मालकास कळतें कीं पंपाचे दिवस भरत आले. तें छिद्र बुजविलें म्हणजे थेंब बंद होतो खरा. पण पाणी बेअरिंगांत शिरतें, वंगण धुऊन काढतें, आंत गंज धरतो. ज्या जुन्या गाड्यांत पंखा पंपाच्याच आसावर असतो, त्यांत बेअरिंग फुटलें तर पंखा उखडून रेडिएटरांत घुसतो. माझा पंप हातानें हालवून पाहिला तेव्हां आस करकरत डुलत होता.

तें छिद्र पूर्वीच्या मालकानें बुजविलें कीं एखाद्या कारागिरानें, हें मला ठाऊक नाहीं व मी तें शोधलेंही नाहीं. पण त्या सकाळीं त्या अज्ञात मनुष्याचा मला जो संताप आला, तो येतां येतां मध्येंच अडखळला; कारण माझ्या ओट्यावर हळदीची पुडी ठेवलेली होती.

कायदा या बाबतींत काय म्हणतो तें पाहण्यासारखें आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमांत फसवणूक म्हणजे काय तें सांगितलें आहे, व त्याखालीं घोड्याचीं उदाहरणें दिलेलीं आहेत. एक मनुष्य खोड असलेला घोडा लिलावांत विकतो, व खोडीविषयीं कांहीं बोलत नाहीं. ही फसवणूक नव्हे. पण घेणारी जर त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळें त्यास बोललेंच पाहिजे. आणि घेणारा जर म्हणेल कीं, तुम्ही नाहीं म्हटलें नाहीं तर घोडा निकोप आहे असें मी धरीन, तर तेथें गप्प राहणें हें बोलण्यासारखेंच होय. त्याच कलमांत असेंही आहे कीं, माहीत असलेली गोष्ट कृतीनें लपविणें ही फसवणूक आहे. म्हणजे कायद्यापुरतें, थेंबाविषयीं मी मुका राहिलों असतों तर कदाचित् सुटलों असतों. हळद टाकून इंजिन धुतलें असतें तर नाहीं. दलालाच्या सल्ल्यांतील फरक येथें आहे. घाटांतली हळद गाडींतल्या माणसांस घरीं पोंचविण्यासाठीं असते, व टाकणाऱ्यास तिचें स्मरण असतें. दारांतली हळद घेणाऱ्याचे डोळे बांधण्यासाठीं.

पण मुकें राहणें तरी निर्दोष काय? रोमन ग्रंथकार सिसरो यानें ख्रिस्तपूर्व 44 सालीं कर्तव्यांविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्यांत हाच वाद आहे. ऱ्होड्स बेटांत दुष्काळ पडला असतां एक व्यापारी धान्याचें जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजें येत आहेत हें त्यास ठाऊक आहे. तें त्यानें गिऱ्हाइकांस सांगावें काय? दुसरें उदाहरण कुजक्या लांकडांच्या घराचें आहे. डायोजीनिस नांवाचा तत्त्वज्ञ म्हणे कीं, न सांगणें वेगळें व लपविणें वेगळें; विकणाऱ्यानें कायद्यानें सांगावयाचें तेवढें सांगावें. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणे कीं, विकणाऱ्यास जें जें माहीत तें घेणाऱ्यासही माहीत असलें पाहिजे. सिसरोनें कौल शिष्याच्या बाजूनें दिला.

धान्याच्या भावाविषयीं गुरूचें म्हणणें अगदींच टाकाऊ आहे असें मला वाटत नाहीं. बाजारांत प्रत्येकानें आपलें सर्व ज्ञान उघडें करावें म्हटलें तर व्यापारच राहणार नाहीं. परंतु गाडीची गोष्ट निराळी आहे, व ती निराळी करणारा मनुष्य त्या दोघांच्या वादांत कोठेंच नाहीं. घेणारा शेतकरी चतुर असेल, घासाघीस करील, आपला मिस्त्री आणील. त्याचें तो पाहील. पण पावसांत रात्रीं जी बाळंतीण त्या गाडींत मागें निजविली जाईल, तिनें माझ्याशीं कोणताही सौदा केलेला नाहीं. किंमत ठरतांना ती तेथें नव्हती. सौद्यांत ज्यांस तोंड नाहीं त्यांच्यावर जेव्हां धोका पडतो, तेव्हां “त्यांनीं विचारलें नाहीं” या सबबीस कांहीं अर्थ उरत नाहीं.

नवा पंप बसविला. जुनें गंजलेलें पाणी काढून आंतील नळ्या धुतल्या, व कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मेनिम्म भरलें. (कूलंटमध्यें जें ग्लायकॉल असतें तें चवीला गोड व विषारी आहे, कुत्रीं तें चाटून मरतात, म्हणून गळलेलें किंवा काढलेलें कूलंट उघड्यावर ठेवूं नये.) पुनः हातपंप लावला. कांटा थांबला असें वाटलें. पण पाऊण तासानें तो एका रेघेनें उतरला होता, आणि बाहेर कोठेंही थेंब नव्हता. इंजिन चालूं करून रेडिएटरच्या तोंडांत पाहिलें तर मधून मधून एखादा बुडबुडा येई. मिस्त्री म्हणाला, पाणी नवें भरलें आहे, अडकलेली हवाही अशीच निघते. किंवा हेड गॅस्केट जळूं लागलें असेल. इंजिनच्या तेलांत दुधाळपणा नव्हता. हेड उघडल्यावांचून निश्चित सांगतां येत नव्हतें, आणि उघडावयाचें म्हणजे पंचवीस तीस हजारांची गोष्ट.

खरी अडचण ही होती. ठाऊक असलेला दोष सांगावा हें मीं मान्य केलें होतें. पण नुसता संशय? तो सांगितला तर निकोप गाडीसही डाग लागावयाचा. दोन रात्री मीं हा विचार केला. शेवटीं माझ्या ध्यानांत आलें कीं, ती गाडी घेऊन मी स्वतः त्या आठवड्यांत माळशेज घाट चढलों असतों काय, असें मला कोणीं विचारलें असतें, तर मीं नाहीं म्हटलें असतें. मग तेवढेंच मीं घेणाऱ्यांस फोनवर सांगितलें: पंपाची हकीकत, बुजविलेलें छिद्र, कांटा, बुडबुडे, सर्व.

ते पुष्कळ वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “दादा, विचार करून सांगतों.” चार दिवसांनीं आपल्या ओळखीचा कारागीर घेऊन आले. हेड उघडलें, गॅस्केट तिसऱ्या सिलिंडरपाशीं पाण्याच्या वाटेकडे जळत आलेलें होतें. हेड घासून सपाट करून घेतलें, खर्च निम्मा निम्मा वाटला, किंमतींतून आणखी दहा हजार उतरले. त्यानंतर हातपंपाचा कांटा रात्रभर एका जागीं राहिला, आणि गाडी जव्हारला गेली.

दलालानें आपली दलाली मूळच्या दोन लाख दहा हजारांवर मागितली आहे. त्याविषयीं आमचें बोलणें अजून मिटलेलें नाहीं.