हे बिल कधी उघडून वाचलंस?

‘सर, वेळच मिळत नाही’ हे वाक्य या घरात पुन्हा उच्चारायचं नाही. बस तिथे. मोबाइल पालथा ठेव. मी बोलतोय तोवर मध्ये तोंड घालू नकोस. तुमच्या त्या मीटिंगांमध्ये सगळे एकदमच बोलत असतील, इथे तसं चालत नाही.

तुझे बाबा परवा येऊन गेले. तक्रार करायला आले नव्हते, तो माणूस तक्रार करणाऱ्यातला नाही. इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, चहा घेतला आणि उठताना एवढंच म्हणाले, ‘पोराचा पगार चांगला आहे, पण महिन्याच्या वीस तारखेनंतर त्याला फोन करायला आमच्याच जिवावर येतं. तुम्ही एकदा विचारा.’ म्हणून तुला साताऱ्याला बोलावलं, आणि येताना कार्डाचं बिल, पगाराची स्लिप, ठेवीची पावती, असेल नसेल ते घेऊन ये म्हटलं. आणलंस, ठीक केलंस. पण मघाशी बिलाची फाइल उघडायची वेळ आली तेव्हा काय झालं? पासवर्ड आठवेना. अरे, त्या फाइलीचा पासवर्ड काय असतो ते बँकेने त्याच ईमेलमध्ये लिहिलेलं असतं, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. ते तुला माहीत नव्हतं. म्हणजे चार वर्षं कार्ड वापरतोयस आणि एकही बिल आजवर उघडलेलं नाहीस. दर महिन्याला मेसेज येतो, त्यात दोन आकडे असतात, तू त्यातला लहान आकडा भरतोस आणि सुटल्यासारखा श्वास सोडतोस. पुन्हा तेही स्वतः भरत नाहीस, खात्यातून आपोआप जायची सोय करून ठेवली आहेस.

वही घे. हो, वहीच. आठवीत चक्रवाढ व्याज मी शिकवलं होतं तुला, आणि त्या चाचणीत तुला पैकीच्या पैकी होते, माझ्या लक्षात आहे. लिही. थकबाकी ६०,००० रुपये. किमान देय रक्कम ५ टक्के, म्हणजे ३,०००. आता व्याज. दर काय लिहिलाय? महिना साडेतीन टक्के. ‘फक्त’ साडेतीन वाटतात ना? ६०,००० चे साडेतीन टक्के किती? २,१००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३७८. बेरीज कर. २,४७८. आता तू भरलेल्या ३,००० मधून ते वजा कर.

किती उरले? मोठ्याने सांग.

५२२. तीन हजार रुपये दिलेस आणि कर्ज पाचशे बावीस रुपयांनी कमी झालं. त्याच संध्याकाळी ऑफिसातून सुटल्यावर चौघांनी मिळून काहीतरी खाल्लंत, बिल तू दिलंस, कारण तू टीम लीड. झालं, पाचशे बावीस पुन्हा चढले. वर आणखी एक गोष्ट, जी त्याच बिलाच्या खालच्या बारीक अक्षरांत आहे आणि तू वाचलेली नाहीस. मागची थकबाकी पूर्ण फेडली नसेल, तर नव्या खरेदीला ती पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी सवलत मिळत नाही. घेतल्या दिवसापासून व्याज सुरू. म्हणजे रविवारी घेतलेल्या वांग्या-बटाट्यावरसुद्धा तू साडेतीन टक्क्यांनी व्याज देतोयस. आणि केवळ किमान रक्कम भरत राहिलात तर परतफेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षं लांबेल, हा इशारा प्रत्येक बिलावर छापलाच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तुझ्याही बिलावर छापलाय. हा बघ. तुला आणखी कोणी सांगायला हवं होतं?

कार्ड वाईट आहे असं मी म्हणत नाही. रेल्वेचं आरक्षण मीही कार्डानेच करतो आणि बिल आलं की पूर्ण भरतो. हत्यार चांगलं आहे, धरायचं कुठून ते कळलं पाहिजे.

आता ही दुसरी पावती. ८०,००० ची मुदत ठेव, सात टक्क्यांनी. खुद्द तुझीच, खुद्द तुझ्याच नावावर. वर्षाला व्याज मिळतं ५,६००. आणि कार्डावर साठ हजारांच्या आसपास शिल्लक कायम ठेवून तू वर्षाला देतोस २,४७८ गुणिले बारा. कर गुणाकार. २९,७३६. साडेपाच हजार कमवायला तीस हजार घालवतोस, आणि हिंजवडीत लोक तुला हुशार म्हणतात! ठेव का मोडली नाहीस, असं मी विचारलं तर म्हणालास, ‘सर, मुदतीआधी मोडली तर दंड लागतो.’ किती लागतो? अर्धा टक्का, फार तर एक टक्का. आठशे रुपये. एक टक्का वाचावा म्हणून वर्षाला बेचाळीस टक्के मोजणारा माणूस मी माझ्या सदतीस वर्षांच्या नोकरीत फळ्यापुढे उभा केला असता तर अख्खा वर्ग हसला असता. गावाकडचा सावकार महिन्याला तीन रुपये शेकडा घ्यायचा तेव्हा त्याच्या नावाने लोक बोटं मोडायचे. तुझा सावकार त्याच्याहून महाग आहे, फक्त तो दारात येऊन बसत नाही, इतकाच फरक.

गणित येत नाही म्हणून हे झालेलं नाही. गणित तुला येतं. ऑफिसात एका ग्राहकाच्या हिशेबात एक रुपया इकडचा तिकडे झाला तर रात्री दोनपर्यंत बसून शोधतोस, हे तूच मला कौतुकाने सांगितलं होतंस. परक्याचा रुपया शोधायला रात्रीचे दोन वाजतात आणि स्वतःचे तीस हजार बघायला दुपारची दहा मिनिटं निघत नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि आता जे बोलणार आहे ते पैशाचं नाही. बाबांची पेन्शन दोन महिने बंद होती. तुला माहीत होतं? मान हलवू नकोस, बोल. माहीत होतं. ‘बघतो’ म्हणाला होतास. एसटीत कंडक्टरकी करून मिळालेली ती पेन्शन किती आहे ते तुला ठाऊक आहे. तुमच्या ऑफिसच्या एका पार्टीत उडेल एवढीच. पण ती त्यांची आहे, म्हणून त्यांना तिची किंमत आहे. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. दिलेल्या तारखेपासून वर्षभर तो चालतो, मुदत संपली की पेन्शन थांबते. ते बँकेत गेले. अंगठा लावला, यंत्राने घेतला नाही. पुन्हा लावला, नाही घेतला. तीस वर्षं तिकिटं पंच करून आणि सुट्टे पैसे मोजून त्या माणसाच्या बोटांवर रेषा उरल्या आहेत कुठे? काउंटरवरचा पोरगा म्हणाला, उद्या या, तेल लावून हात धुऊन या. उद्या गेले. परवा गेले. हयात असलेला माणूस आपण हयात आहोत हे सिद्ध करायला तीन वेळा रांगेत उभा राहिला.

हे तुला घरबसल्या करता आलं असतं. अंगठा उमटत नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने चेहरा दाखवून दाखला देता येतो, काही वर्षांपासून ही सोय आहे. दोन अॅप उतरवायची, आधार क्रमांक घालायचा, पेन्शनचा क्रमांक घालायचा, डोळे मिटून उघडायचे. संपलं. गणपतीत तू चार दिवस इथेच होतास. त्या चार दिवसांत आरतीचे सतरा फोटो काढलेस, सगळे मला पाठवलेस. त्याच कॅमेऱ्यासमोर बाबांना दोन मिनिटं बसवायला काय जात होतं? शेवटी शेजारच्या बारावीतल्या मुलीने करून दिलं. थकलेले दोन महिने आता जमा होतील, पैसे बुडाले नाहीत. पण तीन खेपा घालाव्या लागल्या त्या लागल्याच.

पाणी पी हवं तर. संपलेलं नाही अजून.

ही विम्याची पॉलिसी कशासाठी घेतलीस? ‘टॅक्स वाचवायला.’ जानेवारीत ऑफिसचा ईमेल आला, गुंतवणुकीचे पुरावे तीन दिवसांत द्या. तू घाबरलास, कोणा मित्राच्या काकांना फोन केलास, त्यांनी फॉर्म पाठवला, तू सही केलीस. वर्षाला ५०,००० हप्ता, पंधरा वर्षं. आता तुझी पगाराची स्लिप आण इकडे. यात वर काय लिहिलंय? नवीन करप्रणाली. २०२३-२४ पासून तुम्ही स्वतःहून जुनी निवडली नाहीत तर नवीनच लागू होते, आणि नवीनमध्ये ८० सीची सूट नसते. म्हणजे जो कर वाचवायला पॉलिसी घेतलीस, तो एक पैसाही वाचला नाही. कसली तरी गुंतवणूक तरी झाली म्हणतोस? मग दाखव बघू, पंधरा वर्षांनी किती मिळणार ते. नाही ना माहीत? आणि उद्या तुझं बरंवाईट झालं तर बायकोला किती मिळतील? पाच लाख. घराचं कर्ज किती आहे? पंचेचाळीस लाख. यापुढे मी काही बोलत नाही, हे दोन आकडे शेजारीशेजारी लिही आणि बघत बस.

पीएफचं काय? पहिल्या कंपनीत रुजू झालास तेव्हा नॉमिनी म्हणून आईचं नाव घातलंस, बरोबर केलंस, तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. लग्नानंतर नामांकन नव्याने करावं लागतं. लग्नाला सहा वर्षं झाली, मुलगी शाळेत जायला लागली. कागदोपत्री त्या दोघींचा पत्ता नाही. तीन नोकऱ्या बदलल्यास, जुनी खाती नव्याला जोडलीस का? मोबाइल नंबर तोच आहे का, की त्यावर येणारा ओटीपी आता दुसऱ्याच कुणाला जातोय? नोकरीत असताना माणूस गेला तर पीएफबरोबरच्या विमा योजनेतून घरच्यांना सात लाखांपर्यंत रक्कम मिळते, त्यासाठी तुझ्या पगारातून पैसाही कापत नाहीत. हे सूनबाईला सांगितलंयस कधी? ती शिकलेली आहे, तिला कळेल. तिला सांगायचीच तुला लाज वाटते, कारण सांगायला बसलास की ती पहिला प्रश्न कार्डाचाच विचारेल.

आणि ‘वेळ नाही’ या सबबीचा निकाल आत्ताच लावू. सरळ कर तो मोबाइल. त्यातच तुझा हिशेब लिहिलेला असतो, दिवसाला किती तास पडद्याकडे बघत होतास तो. उघड. वाच. पाच तास चाळीस मिनिटं. त्यातलं ऑफिसचं काम किती? ते तर लॅपटॉपवर असतं ना? मग हे पाच तास चाळीस मिनिटं कुणाचे? रात्री साडेबारापर्यंत अनोळखी माणसांची भांडणं वाचायला वेळ आहे, सोफ्याच्या सेलमध्ये चाळीस सोफे बघायला आहे, घेतला तर एकही नाहीस. नऊच्या कॅबला धावत सुटायचं, केस ओलेच, डबा विसरलेला, मग दुपारी बाहेरून मागवायचं, तेही कार्डावर. इथपासूनच ते साठ हजार सुरू होतात.

तुला वेळ नाही असं नाही, तुला भीती वाटते. कागद उघडला तर आत काहीतरी निघेल, म्हणून तो उघडायचाच नाही. शाळेत उत्तरपत्रिका मिळाल्यावर काही मुलं गुणांचा आकडा तळहाताने झाकून बसायची. झाकल्याने बत्तीसचे पस्तीस झालेले मी तरी कधी पाहिले नाहीत. तू त्या मुलांतला नव्हतास. तू बेधडक हात वर करून ‘सर, इथे माझा एक गुण कमी दिलाय’ म्हणणारा होतास, आणि दोनदा तर तुझंच बरोबर निघालं होतं. म्हणून तुझ्यावर एवढा वेळ घालवतोय. बाकीच्यांना मी ‘बरं चाललंय ना?’ विचारून चहा देऊन पाठवतो.

आता ऐक. उद्या सोमवार. दहाला बँक उघडली की ठेव मोडायची, मोबाइलवरून होत असेल तर आत्ता इथेच मोड. कार्डाची पूर्ण थकबाकी भरायची, किमान नाही, पूर्ण. आपोआप भरण्याच्या सोयीत ‘किमान’वर खूण आहे ती काढून ‘संपूर्ण’वर करायची. उरलेले वीस हजार खात्यात ठेवायचे, त्यांना हात लावायचा नाही. पीएफचं नामांकन ऑनलाइन होतं, आधारवर ओटीपी येतो, सूनबाईचा आणि मुलीचा फोटो लागेल. ते आज रात्री तिला शेजारी बसवून करायचं. पॉलिसीचं काय करायचं ते घाईने ठरवू नकोस, कागद घेऊन पुढच्या महिन्यात ये, नीट बघू. पण शुद्ध मुदतीचा विमा मात्र या महिन्यातच घे, कर्जाच्या रकमेहून जास्त.

बाबांच्या दाखल्याची पुढची तारीख मी या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. तीच तुझ्या मोबाइलमध्ये घाल, पंधरा दिवस आधीचा गजर लाव. पुढच्या वर्षी ते बँकेच्या रांगेत दिसले तर हिंजवडीला येऊन तुझ्या टीमसमोर विचारीन, लाजणार नाही.

आणि घरी जाताना त्यांच्याकडे थांब. कार्डाचं त्यांना तूच सांग, मी सांगणार नाही.