न कळलेल्याची वार्ता

न समजलेल्या विषयावर वार्ताहरानें लिहावें कीं नाहीं, हा प्रश्न निघाला म्हणजे आम्हांस १९१९ साल आठवतें. त्या वर्षीं ६ नोव्हेंबर रोजीं लंडन येथें रॉयल सोसायटीच्या सभेंत, मे महिन्यांतील खग्रास सूर्यग्रहणाच्या छायाचित्रांवरून, ताऱ्यांचे किरण सूर्याजवळ आईन्स्टाईन यांच्या गणिताप्रमाणें वांकतात असें जाहीर झालें. 'न्यूयॉर्क टाइम्स'नें ही वार्ता धाडण्याचें काम सोंपविलें तें आपल्या गोल्फच्या बातमीदारावर!

त्यास हंसणें सोपें आहे. आम्ही हंसत नाहीं. असा प्रसंग लेखणी धरणाऱ्या कोणावर येत नाहीं? परंतु हा ग्रंथ समजतील असे जगांत बाराच पुरुष आहेत, असें त्या पत्रानें मथळ्यांत छापलें, तेथें आमचा आक्षेप आहे. 'मला कळलें नाहीं' या कबुलीच्या जागीं 'कोणासच कळण्याजोगें नाहीं' ही ग्वाही आली, म्हणजे लेखकाची अब्रू वांचते आणि वाचकास मात्र उंबऱ्याबाहेर तिष्ठत राहावें लागतें.

वस्तुतः वाद सांगण्याजोगा होता. अंशाचा ३६०० वा भाग ती विकला. न्यूटनच्या नियमानें किरण ०.८७ विकला वांकावयाचा, आईन्स्टाईनच्या मतें १.७५. दोन दुर्बिणींचीं मापनें दुसऱ्या आंकड्याजवळ आलीं. तिसरीचीं, ब्राझीलमधील सोब्राल येथें घेतलेलीं, पहिल्याकडे झुकत होतीं. प्रतिमा अस्पष्ट म्हणून तीं बाजूस ठेवलीं गेलीं. हें योग्य झालें काय? एवढें विचारण्यास सापेक्षतावाद समजावा लागत नाहीं. गोल्फच्या डावांत एखादा फटका गणनेंतून वगळला असता, तर तो कां वगळला हें त्या बातमीदारानेंच प्रथम विचारलें असतें.