औषध न घेणारा रोगी

औषध खिशाला परवडतं, गुण येणार याची खात्री आहे, पण शेजाऱ्याला ते मिळत नाही. म्हणून आपणही घ्यायचं नाही, याला धर्म म्हणावं की हट्ट? दक्षिण आफ्रिकेत झॅकी अखमत यांनी हा प्रश्न चार-पाच वर्षं स्वतःच्या देहावर वागवला.

केपटाऊनच्या मुस्लिम घरात वाढलेले अखमत वर्णभेदविरोधी लढ्यात शाळकरी वयातच तुरुंग पाहून आले होते. १९९० मध्ये त्यांना एचआयव्हीची लागण झाल्याचं कळलं. १० डिसेंबर १९९८ ला, मानवी हक्क दिनी, मूठभर सोबत्यांसह सेंट जॉर्ज कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर त्यांनी ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ सुरू केली. तीन औषधं एकत्र दिली की मरणाच्या दारातली माणसं उठून कामाला लागतात, हे १९९६ पासून जगजाहीर होतं. अडचण एकच: वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे. सरकारी दवाखान्यात सर्वांना ही औषधं मिळेपर्यंत आपण ती घेणार नाही, असं अखमत यांनी जाहीर केलं.

आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटायचं नाही. सत्याग्रहाचा जन्मच मुळी जोहान्सबर्गचा, १९०६ चा. उपोषणावरचा आक्षेपही आपल्याला परका नाही. १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींनी अन्न सोडलं तेव्हा त्याचा सगळा भार डॉ. आंबेडकरांवर आला, आणि पुणे करारामागची ती जबरदस्ती ते कधी विसरले नाहीत. उपाशी राहणाऱ्याचं पुण्य आणि समोरच्याची कोंडी या दोन गोष्टी सुट्या करता येत नाहीत.

पण अखमत यांच्या व्रतात आणखी एक पेच होता. अन्न सोडणाऱ्याच्या देशात कुणी ‘अन्नच विषारी आहे’ असं म्हणत नसतं. इथे खुद्द राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच शंका घेत होते, आणि त्यांच्या आरोग्यमंत्री मांटो त्शाबालाला-म्सिमांग लसूण, बीट, लिंबू यांची भलामण करत होत्या. गोळी सरकारही नाकारत होतं आणि सरकारशी भांडणारा माणूसही. लांबून पाहणाऱ्याने यांतला फरक कसा ओळखायचा?

म्बेकींना नुसतं वेड्यात काढून भागणार नाही. गोऱ्यांच्या विज्ञानाने काळ्या देहाबद्दल काय काय सांगून ठेवलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. औषध कंपन्यांवरचा रागही अनाठायी नव्हता. स्वस्त औषधांची वाट मोकळी करणाऱ्या १९९७ च्या कायद्याविरुद्ध ३९ कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला कोर्टात खेचलं होतं. चूक झाली ती पुढच्या पायरीवर. किंमत लबाडीची आहे, यावरून विषाणूही लबाडीचा, असं त्यांनी धरलं. अखमत यांच्या चळवळीने नेमकी हीच गाठ सोडवली. औषध बनवणाऱ्यावर विश्वास नसला तरी औषधावर ठेवता येतो, हे तिने वस्तीत नेऊन शिकवलं.

शिकवलं हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. खायेलित्शासारख्या टपऱ्या-पत्र्यांच्या वस्तीत, छातीवर ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असं ठळक छापलेले टी-शर्ट घालून, शाळा अर्धवट सुटलेल्या बायका सीडी-४ पेशी म्हणजे काय, कुठली गोळी विषाणूला कुठे अडवते, डोस चुकला तर काय होतं, हे एकमेकींना समजावत. हे टी-शर्ट घालायलाही छाती लागे. गुगू द्लामिनी या कार्यकर्तीने आपली लागण उघड सांगितली आणि १९९८ च्या डिसेंबरात जमावाच्या मारहाणीत ती मेली.

एप्रिल २००१ मध्ये त्या ३९ कंपन्यांनी खटला मागे घेतला. त्याच्या दोनच महिने आधी मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तिन्ही औषधं मिळून वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली होती. त्यामागे ना चमत्कार होता ना नवा शोध. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधावर उत्पादन-पेटंट मिळत नसे. तीच रेणूरचना वेगळ्या रीतीने बनवायला मुभा होती. दिल्लीत झालेलं धोरण असं तीस वर्षांनी केपटाऊनच्या उपयोगी पडलं.

मग चळवळीचा सरकारविरुद्धचा, नेविरापिन या औषधाचा खटला. कळा सुरू झाल्यावर आईला एक गोळी, जन्मल्यावर बाळाला थेंबभर औषध; एवढ्याने बाळाला लागण होण्याचा धोका जवळपास निम्म्यावर येई. कंपनी ते फुकट द्यायला तयार होती. तरी सरकारने प्रत्येक प्रांतात दोनच केंद्रांना परवानगी दिली. ५ जुलै २००२ ला घटनात्मक न्यायालयाने हे बंधन अवाजवी ठरवून उठवायला लावलं. संशोधकांचे आकडे, घटनेचं कलम आणि मोर्चातल्या आया एकाच कागदावर आल्या.

व्रताचं काय? न्यायाधीश एडविन कॅमेरॉन यांनाही एचआयव्ही होता, आणि ते १९९७ पासून औषध घेत होते. २००० च्या डर्बन एड्स परिषदेत त्यांनी उघडपणे मांडलं की आपण इथे उभे आहोत ते केवळ पैसे मोजता आले म्हणून. विवेक दोघांचा सारखाच टोचत होता. एकाने गोळी बाजूला ठेवली, दुसऱ्याने घेतली आणि तिची लाज जगाच्या पदरात टाकली. तर्काने पाहिलं तर कॅमेरॉन यांची बाजू अधिक सरळ. मेलेला कार्यकर्ता औषध खरं असल्याची साक्ष द्यायला उरत नाही. पण अखमत तेव्हा गोळ्या घेत असते, तर जुलै २००२ मध्ये नेल्सन मंडेला त्यांच्या घरी विनवणी करायला आले नसते, आणि कॅमेरेही आले नसते. मंडेलांनाही त्यांनी नकारच दिला.

ऑगस्ट २००३ मध्ये डर्बनला जमलेल्या सोबत्यांनी मात्र त्यांना औषध घ्यायला लावलं. त्याच महिन्यात मंत्रिमंडळाने सार्वत्रिक उपचाराची योजना आखायचे आदेश दिले. काटेकोर हिशेब केला तर व्रत मोडलंच, कारण देशभरच्या सरकारी दवाखान्यांत गोळ्या पोचायला पुढचं वर्ष उजाडलं. २००० ते २००५ या काळातल्या दिरंगाईने ३ लाख ३० हजारांहून अधिक जीव गेले, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये काढला. कॅमेरॉन पुढे घटनात्मक न्यायालयावर बसले. अखमत २०२४ मध्ये संसदेच्या निवडणुकीला अपक्ष उभे राहिले आणि पडले.